नाचणीच्या सत्त्वापासून बिअरपर्यंत

माझी पुतणी सहा महिन्यांची झाली तेव्हा आईने मुलुंडच्या घरी नाचणी भिजत घातली. रात्रभर भिजलेली नाचणी सकाळी उपसून पंच्यात बांधली. दीड-दोन दिवसांत तिला बारीक पांढरे मोड आले. मग ती वाळवली, मंद आचेवर जराशी भाजली, दळली आणि वस्त्रगाळ केली. हे सत्त्व. नुसत्या नाचणीच्या पिठाची पेज केली तर ती गार होता होता गोळा होऊन बसते. सत्त्वाची पेज पातळ राहते, साखर न घालताही किंचित गोड लागते आणि बाळाला सोसते. असं का होतं, हे आईने कधी विचारलं नव्हतं. तिच्या आईने शिकवलं तसं ती करत आली.

मला त्याचं कारण कळलं ते इंग्लंडमध्ये, लेस्टरला ताईच्या गॅरेजमध्ये, भाऊजींबरोबर बिअर करताना.

बी कोरडं असतं तोवर त्यात स्टार्च साठवलेला असतो. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. बी रुजायला लागलं की कोंबाला खायला साखर लागते, अख्खी माळ त्याच्या कामाची नसते. म्हणून बी स्वतःच ती माळ तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तयार करतं. मोड आल्यावर लगेच वाळवलं की विकरं तयार असतात, पण कोंबाने साठा अजून फस्त केलेला नसतो. आपण नेमक्या त्या क्षणी मध्ये पडतो. पुढे त्याच पिठात कोमट पाणी पडलं की विकरं जागी होतात आणि स्टार्चची साखर करायला लागतात. म्हणून सत्त्वाची पेज पातळ आणि गोड.

जवाचं हेच केलं की त्याला माल्ट म्हणतात. बिअर तिथून सुरू होते. जे आईला येतं, त्यात बिअरचं निम्मं काम आलं, असं मी भाऊजींना म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "अरे, उरलेलं निम्मं पण येतं त्यांना. विरजण लावतात ना?" तेही खरं होतं. या लेखात मला तेच सांगायचं आहे: घरी बिअर कशी होते हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, मोड आणि विरजण या दोन गोष्टी नीट समजल्या की पुरतं.

आधी कायद्याचं

मुंबईत बसून हे वाचणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्यात बिअरही आली. 'विकत नाही, स्वतःपुरती करतो' ही सबब चालत नाही. प्यायची तर बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत आणि नियमाने परवानाही हवा. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ साली उठली. अमेरिकेत जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना, १९७८ साली, घरापुरती बिअर करायला केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली. दोन्हीकडे विकायला मात्र मनाई आहे. आपल्याकडे अशी सवलत नाही. म्हणून बिअर करण्याचं जे वर्णन पुढे येतं ते लेस्टरच्या गॅरेजमधलं आहे, आणि मुलुंडच्या ओट्यावर मी काय करतो ते शेवटी वेगळं सांगितलं आहे.

मग मुंबईकराने हे वाचायचं कशाला? एक तर ग्लासात काय आहे ते कळतं. पुण्यात २००९ साली डुलाली ही स्वतःची बिअर करणारी जागा सुरू झाली, त्यानंतर मुंबईतही ताजी बिअर तिथल्या तिथे तयार करून देणाऱ्या जागा झाल्या. काचेपलीकडच्या त्या चकचकीत टाक्यांत काय चाललंय हे कळलं तर समोरच्या माणसाला नीट प्रश्न विचारता येतात. दुसरं म्हणजे या कामातलं बरंचसं शिक्षण अल्कोहोलशिवायही घेता येतं.

चार वस्तू

पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. १५१६ साली बव्हेरियात फर्मान निघालं की बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स यांखेरीज काही घालायचं नाही. त्यात यीस्टचं नावच नाही, कारण यीस्ट ही वस्तू आहे हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. मागच्या खेपेचा तळाचा गाळ पुढच्या खेपेत घातला की काम होतं, एवढं अनुभवाने माहीत होतं. आपण काल विरजलेल्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात घालतो तसं. साखरेचं अल्कोहोल करणारे जिवंत सूक्ष्मजीव असतात हे लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या कामातून दाखवलं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सनने यीस्टची एकच एक पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं. तोवर चांगली बिअर आणि बिघडलेली बिअर यांत नशिबाचा वाटा मोठा होता.

पाण्याबद्दल मुंबईकर सुदैवी आहे. वैतरणा, तानसा, भातसा, विहार, तुळशी वगैरे सात तलावांचं पावसाचं पाणी आपल्या नळाला येतं आणि ते बऱ्यापैकी मृदू असतं. चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन गावचं पाणी असंच मृदू, आणि पिल्सनर नावाची फिकट सोनेरी बिअर त्या पाण्यावर जन्मली. उलट इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटचं पाणी जिप्समने जड, तिथे पेल एल नावाची कडवट बिअर नावारूपाला आली. गावोगावच्या बिअरच्या चवी वेगळ्या का, याचं मोठं उत्तर पाण्यात असतं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर मात्र तलावाचा हिशोब लागू होत नाही. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. माल्टमधल्या काही घटकांशी त्याचा संयोग झाला की बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो. पाणी उघड्या पातेल्यात उकळून घेतलं की क्लोरीन उडून जातं.

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं. ही वेल भांगेच्या कुळातली आहे. आपल्या देशात हिमाचलमधल्या लाहौलमध्ये तिची लागवड झालेली आहे. हॉप्स दोन कामं करतात: माल्टच्या गोडव्याला कडूपणाचा तोल देतात आणि आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंना रोखतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईकडे येणाऱ्या जहाजांवर बिअरची पिंपं असायची. उष्ण प्रदेशात जाणाऱ्या पिंपांत जास्त हॉप्स घालण्याची रीत होती. 'इंडिया पेल एल' या नावातला इंडिया तो.

पातेल्यातला दिवस

पहिली खेप मोठी करू नये. भाऊजींनी मला चार लिटरपासून सुरुवात करायला लावली. त्याला एक किलो जवाचं माल्ट पुरतं. सामान साधं: दहा लिटरचं स्टीलचं पातेलं, मोठी पातळ कापडी पिशवी, चांगला थर्मामीटर, द्रव किती जड ते दाखवणारा हायड्रोमीटर, झाकणाचं खाण्याच्या प्रतीचं भांडं आणि आतला वायू बाहेर सोडणारा एअरलॉक. थर्मामीटरवर पैसे वाचवू नयेत, बाकी सगळं जुगाडाने भागतं.

माल्ट रव्यापेक्षा जाड भरडायचं. पीठ झालं तर गाळताना चिखल होतो. साल शाबूत राहायला हवी, कारण पुढे तीच गाळणीचं काम करते. तीन लिटर पाणी ७१-७२ अंशांपर्यंत तापवून त्यात भरड ओतली की सगळं मिळून तापमान ६६ अंशांच्या आसपास येऊन बसतं. झाकण लावून, वर जुनी गोधडी गुंडाळून तासभर ठेवायचं. या टप्प्याला मॅश म्हणतात.

६६ च का? माल्टमध्ये मुख्य कामाची दोन विकरं आहेत. एकाला ६० ते ६५ अंश मानवतात. ते माळेच्या टोकाकडून छोटे तुकडे तोडत जातं आणि त्यातून येणारी साखर यीस्ट सगळी खाऊ शकतं. दुसऱ्याला ६८ ते ७२ अंश बरे वाटतात. ते माळ मधूनच कुठेही तोडतं, त्यात मोठे तुकडे राहतात आणि यीस्टला ते खाता येत नाहीत. त्यामुळे ६३ ला ठेवलं तर बिअर कोरडी, हलकी होते. ६९ ला ठेवलं तर ती जाडसर, तोंडात भरल्यासारखी लागते. पाचसहा अंशांत पेयाचा अंगलोट बदलतो! स्वयंपाकात हात घालून 'बरंय' म्हणायची आपली सवय इथे बाजूला ठेवावी लागते. आणि ८० च्या वर गेलं की दोन्ही विकरं मरतात, मग कितीही वेळ ठेवा, साखर होत नाही.

तासाभराने पांढऱ्या बशीत त्या पाण्याचा थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. शाळेत बटाट्यावर टाकलं होतं ना, तसंच. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, अजून थांबा. रंग तपकिरीच राहिला तर सगळी साखर झाली. बशीतलं ते टाकून द्यायचं, पातेल्यात परत नाही.

मग पिशवी उचलून निथळू द्यायची. वरून ७५ अंशांचं आणखी तीन लिटर पाणी हळूहळू ओतून उरलेली साखर धुऊन काढायची. हाती येतो तो मधाच्या रंगाचा गोड रस, त्याला वर्ट म्हणतात. एक किलो धान्य साधारण लिटरभर पाणी पिऊन बसतं, म्हणून सहा लिटर ओतून पाचच मिळतात. पिशवीतला चोथा टाकू नये. तो वाळवून दळून आईने थालीपिठाच्या भाजणीत मूठभर घातला होता. साल टोचते म्हणून चाळावा लागतो, पण खमंगपणा चांगला येतो.

वर्ट तासभर उकळायचा. उकळीत बाकीचे जंतू मरतात, नको असलेले वास वाफेबरोबर निघून जातात आणि लिटरभर पाणी आटून चार लिटर उरतात. हॉप्स याच तासात पडतात, आणि कधी पडतात याला महत्त्व आहे. त्यांतली कडू द्रव्यं मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. बराच वेळ उकळली की त्यांचं रूप पालटतं आणि मग ती मिसळतात. वासाची तेलं मात्र उकळीत उडून जातात. म्हणून कडूपणासाठीचे हॉप्स सुरुवातीला, सुवासाचे शेवटच्या पाच मिनिटांत. खडा मसाला फोडणीत आणि कोथिंबीर आमटी उतरवताना, हा आपला हिशोब इथे जसाच्या तसा लागू पडतो.

गॅस बंद केल्यावर घाई करायची. वर्ट लवकरात लवकर गार करावा, कारण कोमट गोड रस म्हणजे हवेतल्या प्रत्येक जिवाणूला आमंत्रण. सिंकमध्ये पाणी आणि बर्फ घालून त्यात पातेलं ठेवायचं आणि फिरवत राहायचं.

स्वच्छता

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यावर घरात जे बोलणं बसतं, तेवढीच शिस्त इथे हवी, आणि ती उकळी संपल्यापासून पुढे. त्याआधी थोडा गलथानपणा चालतो, कारण उकळायचं असतंच. त्यानंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू आधी घासून स्वच्छ आणि मग निर्जंतुक करून घ्यायची. ही दोन वेगळी कामं आहेत. चिकटलेल्या घाणीवर जंतुनाशक ओतून उपयोग होत नाही. भांड्याच्या आत ओरखडे नकोत, जंतू त्यांतच घर करतात. म्हणून प्लास्टिकचं भांडं काथ्याने घासायचं नाही.

ऊब आणि माझी वाया गेलेली खेप

गार झालेल्या वर्टमध्ये यीस्ट पडतं आणि आपलं काम जवळजवळ संपतं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. बारा ते चोवीस तासांत वर जाड फेस येतो आणि एअरलॉकमधून बुडबुडे निघू लागतात. एअरलॉक म्हणजे पाणी भरलेली वाकडी नळी: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

पहिली खेप मी फेब्रुवारीत केली. गॅरेजमध्ये थंडी होती. डोशाचं पीठ फुगत नसलं की आपण डबा उबेला ठेवतो. मी त्याच विचाराने भांडं घरात आणून हीटरला टेकवलं. दोन दिवसांत बुडबुड्यांचा नुसता धडाका. मला वाटलं, काय छान चाललंय! तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर नेलपॉलिशचा वास आणि घशात जाळ. चारही लिटर ओतून द्यावे लागले.

कारण असं, की यीस्ट फक्त अल्कोहोल करत नाही. त्याबरोबर शेकडो वासाचे पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात तयार होतात. यीस्ट जेवढ्या उबेत, तेवढं ते धसमुसळेपणाने वाढतं आणि हे पदार्थ बेसुमार होतात: नेलपॉलिशसारखे, अति पिकलेल्या केळ्यासारखे, घसा जाळणारे. डोशाच्या पिठात आपल्याला फुगवटा आणि आंबटपणा हवा असतो, तिथे ऊब बरोबर आहे. बिअरला संथपणा हवा. एल प्रकारच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश लागतात. लागर प्रकाराला, म्हणजे बाजारातली बहुतेक बाटलीबंद बिअर ज्या प्रकारची असते त्याला, ८ ते १३ अंश. शिवाय आंबताना भांड्याच्या आत स्वतःची उष्णता तयार होते, त्यामुळे खोलीपेक्षा आत दोनचार अंश जास्तच असतात.

आता मुंबईचा विचार करा. बंद खोलीत वर्षातले बरेच महिने पारा ३० च्या आसपास असतो. इथल्या ब्रूअरीत म्हणूनच टाक्यांना दुहेरी भिंत असते आणि तिच्यातून गार द्रव खेळवतात. त्या काचेपलीकडच्या टाक्यांत बिअर गार केली जाते असं मला आधी वाटायचं. मुख्य काम यीस्टला आवरण्याचं असतं.

याला एक सुंदर अपवाद आहे. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं क्वाइक नावाचं यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देतं, आणि तेही दोनतीन दिवसांत. ही घरं ते लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून वर्षभर ठेवत, शेजारच्याचं गेलं तर आपल्यातलं देत. दादरच्या चाळीत विरजणाची वाटी घेऊन शेजारच्या दारात उभं राहणाऱ्या माझ्या आजीला ही पद्धत लगेच कळली असती. थंड देशातलं यीस्ट आपल्या मे महिन्याला मानवावं, याचं मला अजून नवल वाटतं.

किती झालं, कधी झालं

बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं नव्हे. खात्री फक्त हायड्रोमीटर देतो. दूधवाल्याच्या दुधात पाणी किती हे बघायला लॅक्टोमीटर असतो, त्याचाच हा भाऊ. साखरेने पाणी जड होतं, जड द्रवात नळी वर तरंगते. यीस्ट घालण्याआधी समजा आकडा १.०४८ आला आणि शेवटी १.०१० वर स्थिरावला. फरक ०.०३८. त्याला १३१ ने गुणलं की सुमारे ५, म्हणजे अल्कोहोल पाच टक्के. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. ३० अंशांच्या द्रवात आकडा शेवटच्या घरात दोन-अडीचने कमी दिसतो, तेवढे मिळवावेत.

लागोपाठ तीन दिवस आकडा तोच आला तरच बाटल्या भरायच्या. फेस येण्यासाठी भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं आणि वायू बाटलीतच कोंडतो. आंबणं पुरं झालं नसताना भरलं किंवा साखर अंदाजाने ओतली तर दाब वाढत जातो आणि काचेची बाटली फुटते. ही गंमत नाही, तुकडे डोळ्यांत जाऊन माणसं जखमी झालेली आहेत. वजनकाट्याशिवाय ही साखर मोजू नये. नवख्याने सोड्याच्या जाड प्लास्टिकच्या बाटल्या वापराव्यात, दाबून पाहिलं की आतला दाब कळतो. काच वापरायचीच तर तपकिरी, कारण उजेडाने हॉप्समधली द्रव्यं बिघडून उग्र दर्प येतो. रिकाम्या तपकिरी बाटल्यांना मुंबईत जुना मान आहे. वसई-वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन घरांत मसाला त्यांतच भरून ठेवायचे, त्याला 'बाटली मसाला' हे नाव त्यावरूनच पडलं.

विषाची भीती

घरगुती दारू म्हटलं की मुंबईत कुणाच्याही मनात मालवणी येतं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल हे औद्योगिक रसायन आहे, स्वस्त म्हणून अशा धंद्यात मिसळतात. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी दृष्टी जाते, मग जीव. धान्य आंबवून बिअर होते तेव्हा मिथेनॉल अगदी नगण्य तयार होतं, फळांच्या रसात असतं त्या पातळीचं. म्हणून बिघडलेली बिअर आंबट, दुर्गंधी लागते, पण ती त्या अर्थाने विष नसते. मात्र आंबवलेलं काहीही घरी ऊर्ध्वपातन करून, म्हणजे भट्टी लावून, कडक करायला जाऊ नये. आग, स्फोट आणि चुकीचं द्रव्य हाती येणं हे तिन्ही धोके तिथे खरे आहेत. ब्रिटनमध्येही घरी भट्टी लावायला मुभा नाही.

मुलुंडच्या ओट्यावर

परत आल्यावर मी दोन गोष्टी करतो. दोन्हींतून हात तयार होतो.

पहिली: मॅश आणि उकळी, आणि तिथेच थांबणं. घटस्थापनेला पेरतो ते सालासकटचं जव घ्यायचं, पण किराणा दुकानातलं. बियाण्याच्या दुकानातल्या दाण्यांना औषध चोळलेलं असू शकतं. सोललेले, पॉलिश केलेले दाणे रुजत नाहीत. आठ तास भिजवायचं, आठ तास निथळायचं, असं दोनदा. मग ओल्या कापडात पसरून रोज हलवायचं. मुंबईच्या दमटपणात बुरशी फार लवकर धरते, म्हणून पंख्याखाली ठेवावं आणि कुबट वास आला की सगळं टाकून द्यावं. दाण्याच्या आतला कोंब दाण्याच्या पाऊण लांबीएवढा झाला की वाळवायचं. पावसाळ्यात हे काम होत नाही, मी प्रयत्न करून सोडून दिलं. मार्चमधल्या उन्हात दोन दिवसांत होतं. मग वर सांगितला तसाच मॅश, आयोडीनची तपासणी, उकळी. हॉप्स मिळाले तर चिमूटभर, नाहीतर आलं आणि लिंबाची साल. यीस्ट घालायचं नाही. गार करून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दोनतीन दिवसांत सोड्यात मिसळून संपवायचं. हा रस बंद बाटलीत फ्रीजबाहेर साठवू नये. आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही नसल्याने त्यात घातक जिवाणू वाढू शकतात.

दुसरी: आल्याचं फसफसतं सरबत. यात यीस्टशी ओळख होते, कारण आल्याच्या सालीवर ते नैसर्गिकपणे असतंच. काचेच्या बरणीत उकळून गार केलेलं दोन वाट्या पाणी, त्यात सालासकट किसलेलं आलं दोन चमचे आणि साखर दोन चमचे. वर फडकं बांधायचं. रोज तेवढंच आलं आणि साखर घालून ढवळायचं. पुस्तकी हिशोबात याला पाच-सहा दिवस लागतात, मुंबईत तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतात. हे झालं विरजण. मग लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम ठेचलेलं आलं आणि सत्तर ग्रॅम साखर उकळून पूर्ण गार करायचं, गाळायचं, एका लिंबाचा रस आणि पाव वाटी गाळलेलं विरजण घालून सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं. वर तीन बोटं जागा सोडायची.

बाटली रोज सकाळ-संध्याकाळ दाबून बघायची. कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये. जानेवारीत मला दोन दिवस लागले, मे महिन्यात रात्री भरलेली बाटली सकाळी दहाला दगडासारखी झाली होती. यातही अल्कोहोल किंचित तयार होतंच आणि बाहेर ठेवलं तर वाढत जातं, म्हणून दिवस वाढवायचे नाहीत, आठवड्यात संपवायचं आणि लहान मुलांना किंवा गरोदर बाईला द्यायचं नाही. उघडताना झाकण एकदम फिरवू नये, थोडं सैल करून आवाज थांबेपर्यंत धरून ठेवावं.

पहिली बाटली उघडली तेव्हा आईने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि विचारलं, "मीठ नाही घातलंस?" नव्हतं घातलं. आता लिटरला दोन चिमटी घालतो, उकळतानाच.